ग्रीष्मातील आम्रप्रपानक : शास्त्र आणि आमच्या भागातील व्यवहार

ग्रीष्म ऋतूत अम्ल, लवण व कटु हे तीन रस वर्ज्य करावेत, याविषयी चरक व वाग्भट या दोघांचेही एकमत आहे. असे असताना चैत्र लागताच महाराष्ट्रातील घराघरांतून कैरीचे पन्हे होते. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला ते देतात, रामनवमीला वाटतात, उन्हातून आलेल्या पाहुण्यापुढे पाण्याच्या तांब्यानंतर तेच येते. या एका पेल्यात कैरी अम्ल, मीठ लवण आणि वर भुरभुरलेली मिरपूड कटु. म्हणजे ऋतुचर्येने निषिद्ध ठरविलेले तिन्ही रस एकत्र आले! मग परंपरा चुकली म्हणावी की ग्रंथ समजून घेण्यात आपण कमी पडतो म्हणावे? रुग्णाला "वैद्यराज, पन्हे प्यावे की नाही?" या साध्या प्रश्नाचे उत्तर देताना आपल्यापैकी अनेकजण केवळ "अवश्य प्यावे" म्हणून मोकळे होतात. त्या उत्तरामागचा विचार येथे मांडावा, असे आम्हांस वाटते.

प्रथम ग्रंथाकडे वळू. भावमिश्रांनी भावप्रकाशात कोवळी कैरी वात व पित्त वाढविणारी सांगितली आहे, आणि कोय धरलेली परंतु न पिकलेली कैरी तर अत्यंत अम्ल, रूक्ष, त्रिदोष व रक्त यांस दूषित करणारी म्हटली आहे. तरीही याच ग्रंथात कच्च्या आंब्याचे प्रपानक सविस्तर दिलेले आहे. कैरी पाण्यात शिजवावी, हाताने चांगली कुस्करावी, त्यात साखर व थंड पाणी घालावे, कापूर व मिरे यांनी सुवासिक करावे, अशी ती कृती. ते रुची उत्पन्न करते, बल देते, इंद्रियांना शीघ्र तृप्त करते, अशी त्याची फलश्रुती. या प्रपानकाचा कर्ता म्हणून भीमसेनाचे नाव दिले आहे. विराटाच्या घरी बल्लव होऊन राहिलेल्या या पांडवाकडे आपल्या परंपरेने स्वयंपाकघरातील बऱ्याच गोष्टींचे श्रेय दिले आहे. एकच ग्रंथकार एकाच फळाची निंदा करतो आणि त्याच फळाच्या पेयाची स्तुतीही करतो, यात विसंगती नाही. संस्काराने द्रव्याचे गुण पालटतात, हा चरकांच्या विमानस्थानातील सिद्धांत येथे प्रत्यक्ष उतरला आहे. अग्निसंयोगाने कैरी लघु होते, शर्करेने अम्ल रसाची तीक्ष्णता कमी होते, आणि भरपूर जलाने रूक्षता जाते. उरतो तो किंचित आंबटपणा. तेवढा वाग्भटांनाही मान्य आहे. ग्रीष्मचर्येत नव्या मृत्तिकापात्रात ठेवलेले पानक सांगताना त्यांनी ते थोडे आंबट असावे असेच म्हटले आहे. म्हणजे निषेध प्रधान अम्लरसाचा आहे, अनुरसाचा नव्हे. शिवाय ग्रीष्मात वाताचा संचय होत असतो आणि अम्ल रस वातशामक आहे, हेही विसरता येत नाही.

अम्लाचा प्रश्न असा सुटतो. लवणाचा मात्र सहजासहजी सुटत नाही, आणि आमच्या भागात तोच महत्त्वाचा आहे.

ग्रीष्मचर्येचे श्लोक ज्याला उद्देशून आहेत तो मनुष्य कोण, याचा विचार करावा. तो दुपारी शीतगृहात निद्रा घेतो, रात्री चांदण्यात गच्चीवर झोपतो, अंगाला चंदनाचा लेप लावतो, मोती धारण करतो. त्याला व्यायाम वर्ज्य सांगितला आहे आणि तो वर्ज्य करणे त्याला परवडतेही. यवतमाळ जिल्ह्यातील कळंब तालुक्यात चैत्र-वैशाखात आमच्याकडे येणारा रुग्ण असा नसतो. तो शेतात पऱ्हाटीची धसकटे वेचत असतो, वीटभट्टीवर असतो, रस्त्याच्या कामावर असतो किंवा जंगलात तेंदूपत्ता तोडत असतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास असताना कष्टाचे काम करणाऱ्याचा तासाला एक लिटरपर्यंत घाम जाऊ शकतो, आणि घामाबरोबर मीठ जाते. हा मनुष्य तहान लागली की घागरभर साधे पाणी पितो. सायंकाळी त्याच्या पोटऱ्यांत गोळे येतात, डोके जड होते, मळमळते. "उन्ह लागलं" एवढेच तो सांगतो. पाणी प्यायले होते, उणे होते ते लवण. अशा व्यक्तीला ग्रीष्मात लवण निषिद्ध असे सांगणे म्हणजे शब्द पाळून अर्थ सोडणे होय. ऋतूबरोबर देश, बल व व्यायाम यांचा विचार करून युक्ती योजावी, हेही शास्त्रच आहे. म्हणून श्रमजीवी व्यक्तीच्या पन्ह्यात मीठ हवेच, असे आमचे मत आहे. घरात बसून राहणाऱ्यास ते चवीपुरते पुरे.

गुळाबाबतही असाच विवेक करावा लागतो. सुश्रुतांनी गुळाचे पानक, ते आंबट असो वा नसो, गुरु व मूत्रल सांगितले आहे. घामाने आधीच कोरड्या पडलेल्या शरीराला दाट, गोडमिट्ट पन्हे देणे यामुळे योग्य ठरत नाही. आधुनिक शरीरक्रियाविज्ञानही निराळ्या वाटेने तेथेच येते. अतिगोड द्रव आतड्यातून सावकाश शोषला जातो. जलसंजीवनीच्या घरगुती प्रमाणात एक लिटर पाण्याला साखर सहा लहान चमचे आणि मीठ अर्धा चमचा एवढेच असते, ते याच कारणाने. आपल्याकडे लग्नसमारंभात मिळणारे पन्हे याच्या कितीतरी पट गोड असते. ते मिष्टान्न म्हणून ठीक, तृष्णेवरील उपाय म्हणून नव्हे.

कृती

कैरी गावरान घ्यावी. वादळवाऱ्याने पडलेल्या कैऱ्या चालतात, मात्र फुटलेल्या, चीक काळा पडलेल्या नकोत. देठाजवळचा चीक धुऊन घ्यावा, अन्यथा ओठ व घसा चुरचुरतो. सुमारे २०० ग्रॅमची एक कैरी सालीसह, झाकण ठेवून मऊ शिजवावी. उकडताना जीवनसत्त्व क काही अंशी नष्ट होते हे खरे, परंतु पन्हे त्यासाठी प्यायचे नसते. साल व कोय काढून सुमारे १०० ग्रॅम गर मिळतो.

घरातील मंडळींसाठी या गरात १०० ग्रॅम गूळ किंवा खडीसाखर, अर्धा लहान चमचा सैंधव, एक चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड व दोन वेलदोड्यांची पूड घालून दीड लिटर पाण्यात कालवावे. पित्तप्रकृतीच्या, दाह असलेल्या व्यक्तीस खडीसाखर बरी. इतरांस वर्षभर जुना गूळ, कारण नवा गूळ कफकारक आहे. शेतावर नेण्यासाठी हेच प्रमाण बदलावे. तेवढ्याच गरात गूळ ६० ग्रॅमवर आणावा, पाणी दोन लिटर करावे आणि मीठ सपाट एक चमचा करावे. हे पन्हे पातळ व खारट-आंबट लागते. पहिल्या दिवशी मजूर तोंड वाकडे करतात, परंतु दुपारी कामाच्या ठिकाणी तेच अधिक प्यायले जाते, असा आमचा अनुभव आहे. एकदम तांब्याभर न पिता वाटीवाटीने प्यावे. काम सुरू करण्यापूर्वी एकदा, नंतर तासा-दीड तासाने. साधे पाणी मधूनमधून चालूच ठेवावे.

विदर्भातील कित्येक घरांत कैरी उकडण्याऐवजी गोवरीच्या निखाऱ्यांत भाजतात. मातीचा लेप नसला तरी ही पद्धत पुटपाकाच्या जवळची म्हणता येईल. गराला धुराचा किंचित वास येतो व तो अधिक लघु होतो. आम्हांला व्यक्तिशः तीच चव आवडते, तथापि ग्रंथोक्त विधी उकडण्याचा आहे आणि पोट नाजूक असलेल्यास तोच सुचवावा.

पात्राविषयी दोन शब्द. अम्ल द्रव्य बिनकल्हईच्या पितळी वा तांब्याच्या भांड्यात ठेवू नये. ॲल्युमिनियमच्या डब्यातही नको, जरी शेतावर नेताना तोच हाताशी असतो. नव्या मातीच्या मडक्यात पन्हे ठेवावे, ही वाग्भटांची सूचना आजही सर्वोत्तम आहे. मडक्याच्या छिद्रांतून पाझरणारे पाणी बाष्प होऊन आतील उष्णता हरण करते. विदर्भातील कोरड्या उन्हाळ्यात हा परिणाम फार चांगला मिळतो. कोकणात हवेतील दमटपणामुळे तेवढा मिळत नाही. बर्फ घालण्याचा मोह टाळावा. मंदाग्नीच्या या ऋतूत अतिशीत पेय अग्नी आणखी मंद करते, हा एक भाग. दुसरा असा की हातगाडीवरील बर्फ पिण्याच्या पाण्याचा असेलच असे नाही. खाण्यास अयोग्य बर्फाला निळसर रंग द्यावा, असा नियम महाराष्ट्रात २०१८ मध्ये लागू झाला, परंतु पन्ह्यात विरघळलेल्या बर्फाचा रंग कोण पाहणार?

कापराबाबत मात्र स्पष्ट इशारा द्यावासा वाटतो. भावप्रकाशातील कृती वाचून कोणी पूजेच्या कापराची वडी पन्ह्यात घालील, तर तो अनर्थ होईल. बाजारातील वडीचा कापूर बहुधा टर्पेंटाईनपासून कृत्रिमरीत्या बनविलेला असतो. तो पोटात गेल्यास, विशेषतः लहान मुलांत, आक्षेप येऊ शकतात. सुगंधासाठी वेलदोडा पुरेसा आहे.

उपवास करणाऱ्यांचा एक निराळा वर्ग आमच्या गावी दिसतो. कळंबच्या चिंतामणी गणेशाच्या दर्शनाला संकष्टी चतुर्थीस दूरदूरचे भाविक येतात. चंद्रोदयापर्यंत उपवास, त्यात अनवाणी पायी चालणे, आणि चैत्र-वैशाखातील चतुर्थी असेल तर डोक्यावर ऊन. सायंकाळी भोवळ येऊन बसणाऱ्यांत अशांची संख्या लक्षणीय असते. सैंधव व जिरे उपवासास चालतात, म्हणून सौम्य गोडीचे पन्हे त्यांना निःशंक सांगता येते. साबुदाण्याच्या खिचडीपेक्षा ते त्या वेळी कितीतरी हितकर.

कोणास देऊ नये

अम्लपित्ताचा जुना रुग्ण, ज्यास आंबट खाताच छातीत जळजळ होते, त्यास पन्ह्याऐवजी मनुकांचे पानक द्यावे. सुश्रुतांनी द्राक्षाचे पानक श्रम, मूर्च्छा, दाह व तृष्णा यांवर सांगितले आहे. रक्तदुष्टीजन्य त्वचाविकार व चालू असलेला कास यांतही कैरी टाळावी. रक्तदाब, हृदय वा वृक्काचा विकार असलेल्यांनी मिठाचे प्रमाण आपल्या वैद्यास विचारूनच ठरवावे. मधुमेहाच्या रुग्णाला "गुळाचे आहे, साखरेचे नाही" म्हणून पन्हे दिले जाते, हा भ्रम आपण सर्वांनी मिळून दूर केला पाहिजे. रक्तशर्करेच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. त्याने गोडाविना, मीठ-जिऱ्याचे पातळ पन्हे घ्यावे.

आणि पन्ह्याची मर्यादा. अंग तव्यासारखे तापलेले, ज्वर १०४ अंश फॅरनहाइटच्या वर, रुग्ण असंबद्ध बोलतो किंवा हाकेला ओ देत नाही, अशी स्थिती असेल तर हा उष्माघात आहे. अशा वेळी तोंडात पन्हे, पाणी, काहीही घालू नये, कारण ते श्वासमार्गात जाण्याचा धोका असतो. गावात भाजलेल्या कैरीचा गर अंगाला चोळण्याची व तळपायाला कांद्याचा रस लावण्याची चाल आहे. उन्हाने किरकिरलेल्या, शुद्धीवर असलेल्या माणसाला त्याने थोडे बरे वाटत असेल, त्यास आमची हरकत नाही. परंतु उष्माघातात त्यात दवडलेला अर्धा तास जिवावर बेततो. रुग्णास सावलीत घ्यावे, कपडे सैल करावेत, सर्वांगावर पाणी ओतून वारा घालावा, काखेत व जांघेत ओल्या थंड पट्ट्या ठेवाव्यात, आणि हे चालू असतानाच दुसऱ्या कोणी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. वाहनात नेतानाही पाणी शिंपडणे थांबवू नये.