संख्याबळ आणि सत्ताबळ

अल्पसंख्य समाजाची वस्ती वाढत गेली म्हणजे लोकशाहींत सत्ताहि त्याच्या हातीं आपोआप येते, अशी समजूत पुष्कळ ठिकाणीं आढळते. ती कितपत खरी, हें पाहण्यास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं टेक्ससमधील सॅन अँटोनिओ शहराचा अनुभव उद्बोधक आहे.

टेक्सस हा १८३६ पर्यंत मेक्सिकोचा मुलूख होता. तेथील मेक्सिकन वंशाचे पुष्कळ लोक उपरे नव्हते, पिढीजात रहिवासी होते. तरीहि सत्तेपासून ते दूर राहिले. १९०२ सालीं मतदानावर डोईपट्टी बसली. हातावर पोट असणाऱ्या मजुरानें दीड-पावणेदोन डॉलर मतासाठीं द्यावे कीं घरांत धान्य आणावें? ही पट्टी राष्ट्रीय निवडणुकांपुरती १९६४ सालीं व संस्थानच्या निवडणुकांपुरती १९६६ सालीं उठली. परंतु दार उघडलें तरी आंत जाण्याची संवय नव्हती.

येथें एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. शिरगणतींत तान्हें मूलहि मोजलें जातें. मतपेटीला मात्र प्रौढ, नागरिक, यादींत नोंदलेला आणि प्रत्यक्ष मत टाकणारा माणूसच दिसतो. तरुण व स्थलांतरित समाजाची संख्या या चार चाळण्यांतून खालीं येतांना फार घटते.

१९७४ सालीं विली व्हेलास्केझ यांनीं सॅन अँटोनिओ येथें मतदार-नोंदणीची संस्था स्थापिली. ‘तुमचें मत हाच तुमचा आवाज’ हें तिचें ब्रीद. त्यांचा भर मोठ्या व्याख्यानांवर नव्हता; गल्लींतल्या अडचणीवर होता. शहराच्या पश्चिम भागांतील मेक्सिकन वस्त्यांत पाऊस पडला कीं पाणी घरांत शिरे, कारण गटारें नव्हतीं. त्याच वर्षीं चर्चच्या मंडळ्यांतून उभ्या राहिलेल्या एका नागरिक-संघानें हाच प्रश्न हातीं घेऊन नगरसभेला जाब विचारला. गटार कोण मंजूर करतो व त्याला कोण निवडतो, हें कळलें म्हणजे मत ही कोरडी गोष्ट राहत नाहीं.

तथापि नोंदणीनें अर्धेंच काम झालें. नगरसभेच्या नऊहि जागांची निवड साऱ्या शहराच्या मतांनीं होई. शंभर मतदारांपैकीं साठ एका बाजूस गेले, तर नऊच्या नऊ जागा त्यांच्याच. उरलेल्या चाळिसांचीं मतें पडूनहि वायां. मेक्सिकन वंशाचा एखादा सभासद निवडून येई, पण बहुसंख्यांना मान्य असेल तरच.

१९७५ सालीं राष्ट्रीय मताधिकार-कायद्याचें संरक्षण टेक्ससला लागू झालें, आणि निवडणुकीच्या नियमांतील फेरफारांस मध्यवर्ती सरकारची पूर्वसंमति आवश्यक ठरली. शहरानें नव्या वस्त्या हद्दींत घेतल्यानें मेक्सिकन मतदारांचा जोर पातळ होतो, असा आक्षेप १९७६ सालीं मध्यवर्ती न्यायखात्यानें घेतला. १९७७ सालीं नागरिकांनीं दहा वॉर्डांची पद्धति स्वीकारली व प्रत्येक वॉर्डाला आपला प्रतिनिधि मिळाला. त्याच वर्षींच्या निवडणुकींत मेक्सिकन व निग्रो वंशाचे सभासद मिळून नगरसभेंत बहुमतांत आले. १९८१ सालीं हेन्री सिस्नेरोस नगराध्यक्ष झाले.

व्हेलास्केझ १९८८ सालीं, वयाच्या अवघ्या ४४ व्या वर्षीं, निधन पावले. पुढें २०१३ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानें पूर्वसंमतीची ती अट निष्प्रभ झाली. मिळालेलें संरक्षण कायमचें असतें असें नाहीं, हा धडा त्यांत आहे.

२०२० च्या शिरगणतींत टेक्ससमधील स्पॅनिशभाषी देशांच्या वंशाचे लोक व इतर गोरे लोक जवळजवळ समसमान, दर शंभरीं सुमारें ३९-४० भरले. परंतु मतदारांत ही बरोबरी उतरलेली नाहीं; चाळण्या अद्याप त्याच आहेत.

थेंबें थेंबें तळें सांचतें हें खरें. पण बांध नसेल तर तेंच पाणी वाहून जातें. नोंदणी, गल्लींतला प्रश्न आणि न्याय्य वॉर्डरचना हे त्या बांधाचे दगड होत. ते वाढत्या संख्येबरोबर आपोआप रचले जात नाहींत. कोणाला तरी ते दारोदार हिंडून रचावे लागतात.