वस्तू आपली, नाव त्यांचे!

एखादी वस्तू पैसे मोजून घेतली की ती आपली झाली, असे आपण सारेच धरून चालतो. परंतु न वापरलेले घड्याळ किंवा अत्तराची बाटली तिच्या नावानिशी जाहिरात देऊन विकावयास काढावी, तर क्वचित दारात वकिलाची नोटीस येऊन पडते. व्यापारचिन्हाचा भंग, नुकसानभरपाई, फौजदारी असले शब्द वाचून कोर्टाची पायरी न चढलेल्या माणसाच्या पोटात गोळा उठतो. वस्तूच्या किमतीपेक्षा वकिलाची फी अधिक, म्हणून तो बिचारा मुकाट्याने माघार घेतो. नोटिशीचा खरा हेतू पुष्कळदा एवढाच असतो.

वस्तुतः व्यापारचिन्ह असते ते गिऱ्हाइकाची फसवणूक टळावी म्हणून. नकली माल नामांकित चिन्हाखाली विकणारा गुन्हेगारच होय. आपल्या १९९९ च्या कायद्याने त्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद सांगितली आहे. पण अस्सल वस्तूस तिच्या खऱ्या नावाने संबोधणे ही फसवणूक कशी?

हा वाद जुना आहे. कोटी कंपनीची अस्सल पावडर व अत्तर विकत घेऊन एका अमेरिकन व्यापाऱ्याने ती नव्या डब्यांत व लहान बाटल्यांत भरून विकली. १९२४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की लोकांची दिशाभूल होत नसेल तर खरे सांगण्यासाठी ते नाव वापरण्यास प्रत्यवाय नाही. १९४७ मध्ये चँपियन कंपनीचे जुने स्पार्क प्लग दुरुस्त करून विकणाऱ्यांनाही त्याच न्यायालयाने मूळ नाव ठेवू दिले. मात्र माल दुरुस्त केलेला आहे हे स्पष्ट लिहिण्याची अट घातली.

आपल्या कायद्याचे कलम ३० हेच सांगते. चिन्हाच्या मालकाने वा त्याच्या संमतीने बाजारात आलेला माल रीतसर घेतलेल्या माणसाने पुन्हा विकला, तर केवळ तेवढ्यावरून चिन्हाचा भंग होत नाही. मात्र मालाची स्थिती बदलली वा बिघडली असेल, तर मालकास हरकत घेता येते. परदेशातून आणलेल्या सॅमसंगच्या प्रिंटरांच्या खटल्यात २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने विक्रीस मुभा दिली. परंतु कंपनीची हमी या मालास नाही, हे गिऱ्हाइकास ठळकपणे कळवावे, असेही बजावले.

उगाच धमकावणाऱ्यांवरही उपाय आहे. कलम १४२ प्रमाणे निराधार धमकीविरुद्ध दावा लावून मनाई व भरपाई मागता येते. गंमत अशी, की अशिलाच्या वतीने नोटीस धाडणारा वकील मात्र याच कलमाने सुरक्षित राहतो! म्हणजे उत्साह वकिलाचा आणि जोखीम अशिलाची. हे नोटीस काढवून घेणाऱ्यांनीही ध्यानी ठेवावे.

तेव्हा वाचकहो, घाबरू नये आणि नोटीस केराच्या टोपलीतही टाकू नये. खरेदीची पावती जपावी, वस्तू वापरलेली वा दुरुस्त केलेली असल्यास तसे लिहावे, आपण कंपनीचे अधिकृत विक्रेते आहोत असे कदापि भासवू नये. नोटिशीस लेखी उत्तर द्यावे व गरज पडल्यास जाणत्या वकिलाचा सल्ला घ्यावा. चिन्हाचा मान राखणे आपले कर्तव्य खरे. पण त्या मानापायी आपल्याच वस्तूवरचा आपला हक्क सोडण्याचे कारण नाही.