पोटात बाळ, पुढे ४२ किलोमीटर
ब्रिटनची मॅरेथॉन धावपटू पॉला रॅडक्लिफ गरोदरपणातही धावत राहिली. जानेवारी २००७ मध्ये मुलगी झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तिने न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली. पण तिच्या अंगात वर्षानुवर्षांचा सराव मुरलेला. दिवस राहिल्यावर पहिल्यांदाच लांब पल्ल्याची हौस नको. वार (प्लासेंटा) खाली असेल, रक्तस्राव होत असेल किंवा रक्तदाब चढला असेल, तर प्रश्नच मिटला. एरवीही पहिल्या तिमाहीत शरीराचं तापमान ३९ अंश सेल्सिअसपुढे जाऊ द्यायचं नाही. मुंबईच्या दमट हवेत हे सोपं नव्हे. पोट वाढलं की तोलही बिघडतो. धावताना अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, चक्कर आली, की तिथेच थांबायचं. पदक गेलं खड्ड्यात! तसंही लंडन आणि बोस्टन मॅरेथॉनमध्ये गर्भवतींना प्रवेश पुढे ढकलता येतो.