कऱ्हाड यादीत आहे का?

अमुक एक वस्तू या संग्रहात आहे का, हा प्रश्न प्रोग्रॅमरला सतत पडतो. पायथॉनमध्ये तो ‘इन’ लिहून विचारतात, जावामध्ये ‘कन्टेन्स’. विचारणं इतकं सोपं असल्यानं उत्तर कसं निघतं याकडे लक्ष जात नाही.

साधी यादी असेल तर संगणक पहिल्यापासून एकेक नाव पाहत जातो. दहा लाख नावांत हवं ते नसेलच, तर दहा लाख तुलना कराव्या लागतात. नावं शब्दकोशासारखी क्रमानं लावली असतील, तर मधोमध उघडायचं, नको ती अर्धी बाजू सोडायची, पुन्हा मधोमध उघडायचं. फार तर २० तुलनांत निकाल लागतो. ‘सेट’मध्ये मात्र नावावरूनच एक आकडा काढतात आणि तो सांगेल त्याच कप्प्यात बघतात. याला हॅशिंग म्हणतात. आयबीएमच्या हान्स पीटर लून यांनी १९५३ मध्ये ही कल्पना मांडली होती.

वेगाची ही चर्चा पुस्तकांत भरपूर सापडते. मराठीत काम करणाऱ्याला खरा धोका वेगळाच आहे: ‘तेच नाव’ म्हणजे नेमकं काय?

‘कऱ्हाड’ घ्या. यातला आडवा अर्धा र युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे लिहिता येतो. खाली टिंब असलेला ‘ऱ’ आणि हलन्त, हा एक प्रकार. साधा र, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह, हा दुसरा. पहिल्यात पूर्ण शब्दाची सहा चिन्हं होतात, दुसऱ्यात सात. पडद्यावर दोन्ही सहसा सारखेच उमटतात. संगणक चिन्हं जुळवतो, त्यामुळे गाव यादीत असूनही तो ‘नाही’ म्हणतो. सेट वापरून सुटका होत नाही. चिन्हं वेगळी म्हणजे आकडाही सहसा वेगळा.

युनिकोडचं प्रमाणीकरण इथे अर्धंच काम करतं. टिंब वेगळं टाइप केलेला र त्यानं ‘ऱ’ होतो, पण ते अदृश्य जोडचिन्ह तसंच राहतं. तो बदल आपल्यालाच लिहावा लागतो. एखाद्या कऱ्हाडे किंवा गोऱ्हे आडनावाच्या माणसाला ‘तुमचं नाव सापडत नाही’ असं ऐकावं लागलं, तर त्यात त्याची काहीच चूक नसते.

म्हणून मराठी नावांची यादी बनवणाऱ्यांना विनंती: नाव साठवताना आणि शोधताना, दोन्ही वेळा ते आधी एकाच रूपात आणा. आणि यादी लोकांसमोर ठेवण्यापूर्वी ‘कऱ्हाड’ दोन्ही तऱ्हांनी टाइप करून शोधून पाहा.