डबल बाससाठी स्पर्धा, तीही लिहिणाऱ्यांची!

उभ्या माणसाएवढं व्हायोलिन डोळ्यांपुढे आणा. तो डबल बास. चार जाड तारा, त्यातली सर्वांत खर्जातली सेकंदाला साधारण ४१ वेळा कंप पावते. २००६ साली मुंबईत सुरू झालेल्या 'सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया'त हे वाद्य आहे.

त्याचं काम आधाराचं. आपल्या झाडीपट्टीच्या नाटकात तबलजीचा डग्गा काढून घ्या, गाणं कसं पोकळ लागेल! तसंच हे. म्हणूनच एकट्या डबल बाससाठी मोठ्या संगीतकारांनी फार कमी लिहिलं. इटलीच्या बोत्तेसिनीने (१८२१-१८८९) लिहिलं, कारण तो स्वतःच हे वाद्य वाजवायचा.

ही उणीव भरायला 'इंटरनॅशनल सोसायटी ऑफ बेसिस्ट्स' ही १९६७ ची संस्था रचनाकारांची स्पर्धा घेते. बक्षीस वाजवणाऱ्याला नाही, नवी रचना लिहिणाऱ्याला. आणि लिहिणं सोपं नाही बरं का! तारा इतक्या लांब की खालच्या भागात पहिल्या बोटापासून करंगळीपर्यंत जेमतेम 'सा' ते 'रे' एवढंच अंतर मावतं. शिवाय सोबतचा पियानो जोरात वाजला की खर्ज बुडालाच.

आपल्या स्नेहसंमेलनात गाण्याची स्पर्धा असते, नाचाची असते. चाल बांधण्याची कुठे असते? चौथीच्या वर्गात करून बघा. रिकाम्या डब्यावर बारीक आणि जाड रबर ताणा. मुलांनी स्वतः दोन ओळी रचायच्या, पण चाल मात्र फक्त जाड रबरावर बसवायची. बक्षीस म्हणून एक पेन पुरे.