पडद्यावरच्या वस्तूंचे राखणदार

चित्रीकरण संपलं की सेटवरच्या वस्तूचं कामही संपलं, असा सिनेमाच्या धंद्यातला जुना हिशेब आहे. गोदामाचं भाडं परवडत नाही, मग काही वस्तू भंगारात जातात आणि काही मोडून पुढच्या चित्रपटाला वापरल्या जातात. विज्ञानपटांच्या बाबतीत हे नुकसान भरून न येणारं असतं. तलवार किंवा कंदील पुन्हा मिळू शकतो; कल्पनेतलं यंत्र एकदाच घडवलं जातं. फ्रिट्झ लांगच्या 1927 च्या ‘मेट्रोपोलिस’मधली यंत्रस्त्री वॉल्टर शुल्त्से-मिटेनडॉर्फ या शिल्पकाराने अभिनेत्री ब्रिगिट हेल्मच्या अंगाचा साचा घेऊन त्यावर घडवली होती. ती मूळ मूर्ती आज उरलेली नाही. पॅरिसच्या सिनेमाथेक फ्राँसेजने जपलेली यंत्रस्त्री ही त्याच शिल्पकाराने पुढे केलेली प्रतिकृती आहे. जे टिकलं ते प्रतिकृतीमुळे टिकलं. म्हणूनच अशा प्रतिकृती करणाऱ्यांकडे छांदिष्ट किंवा नकलाकार म्हणून न पाहता जतनाच्या कामातले भागीदार म्हणून पाहायला हवं, आणि कायद्यानेही त्यांना जागा ठेवायला हवी, असं मला ठामपणे वाटतं.

जतन म्हणजे नुसती वस्तू कपाटात ठेवणं नव्हे. ती कशाची आणि कशी बनली, हे कळणंही त्यात येतं, आणि ते ज्ञान स्टुडिओच्या कागदपत्रांत क्वचितच असतं. पहिल्या ‘स्टार वॉर्स’मध्ये ल्यूकच्या हातात दिसणारी प्रकाश-तलवार सेट सजवणाऱ्या रॉजर ख्रिश्चनने जुन्या वृत्तपत्री कॅमेऱ्याच्या फ्लॅशच्या दांड्यापासून केली. ग्राफ्लेक्स कंपनीचा तो चकचकीत दांडा लंडनच्या एका फोटो-साहित्याच्या दुकानात सापडला; त्यावर पकडीसाठी पट्ट्या चिकटवल्या आणि खिशातल्या कॅल्क्युलेटरच्या आकड्यांवर असते तशी फुगीर भिंगांची पट्टी बसवली. प्रतिकृती करणारा माणूस अशी वस्तू दिसते त्या दृश्याची एकेक चौकट थांबवून पाहतो, सावलीवरून खोबणीची खोली ताडतो, कोणत्या वर्षीच्या दांड्याला कोणती कळ होती हे शोधतो. विद्यापीठात याला संशोधन म्हटलं असतं.

याचा सर्वांत बोलका पुरावा वॉशिंग्टनमधल्या स्मिथसोनियनच्या हवाई आणि अंतराळ संग्रहालयात आहे. ‘स्टार ट्रेक’ मालिकेतल्या ‘एंटरप्राइज’ यानाचं सुमारे 11 फूट लांबीचं मूळ मॉडेल 1974 मध्ये स्मिथसोनियनकडे आलं. लाकूड, पत्रा आणि प्लास्टिक यांचं हे यान मुख्यतः उजव्या बाजूने चित्रित होई, त्यामुळे डावी बाजू अपुरीच ठेवलेली आणि दिव्यांच्या तारा तिथूनच बाहेर काढलेल्या. पुढे त्याच्या अनेक दुरुस्त्या झाल्या. 1991 च्या दुरुस्तीत पृष्ठभागावरच्या रेघा आणि छटा मुळापेक्षा बऱ्याच गडद रंगवल्या गेल्या. ते काम सुधारायचं ठरलं तेव्हा संग्रहालयाने 2015 मध्ये लोकांनाच साद घातली: मॉडेलचे जुने फोटो, जुन्या फिल्म कुणाकडे असतील तर द्या. क्ष-किरण तपासणी, रंगाच्या थरांचा अभ्यास आणि चाहत्यांनी वर्षानुवर्षं सांभाळलेली माहिती या सगळ्याच्या आधारे यान ऑगस्ट 1967 मधल्या रूपात आणलं गेलं आणि 2016 मध्ये पुन्हा मांडलं. तबकडीच्या वरच्या भागावरचा मूळ रंग मात्र तसाच राखला. एवढ्या मोठ्या संस्थेलाही हौशी माणसांच्या वह्या आणि अल्बम लागले, हे लक्षात घेण्याजोगं आहे.

यावरचा पहिला आक्षेप सरळ आहे: कल्पना दुसऱ्याची, मग प्रतिकृती विकणं ही चोरीच नाही का? ब्रिटनमध्ये हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ‘स्टार वॉर्स’मधल्या पांढऱ्या शिरस्त्राणधारी सैनिकांची शिरस्त्राणं 1976 मध्ये अँड्र्यू एन्सवर्थने ट्विकनहॅमच्या कार्यशाळेत बनवली. गरम करून मऊ केलेला प्लास्टिकचा पत्रा साच्यावर ठेवायचा, खालून हवा शोषून घ्यायची, की पत्रा साच्याला घट्ट बिलगतो. मग कडा हाताने कापायच्या. 2004 पासून तो त्यांच्या प्रती विकू लागला. ‘स्टार वॉर्स’ची निर्माती कंपनी लुकासफिल्मने कॅलिफोर्नियात त्याच्याविरुद्ध 2 कोटी डॉलरचा निकाल मिळवला, पण ब्रिटिश सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये ठरवलं की शिरस्त्राण हे शिल्प नाही. कलाकृती आहे तो चित्रपट, आणि शिरस्त्राण हे तो घडवण्यातलं एक साधन. त्यामुळे शिल्पाला मिळणारं दीर्घ संरक्षण त्याला मिळालं नाही. त्याच निकालात अमेरिकेतल्या विक्रीबद्दलचा दावा इंग्लंडमध्ये चालू शकतो असंही म्हटलं, म्हणजे मोकळं रान कुणालाच दिलं नाही. मला हा तोल योग्य वाटतो. चित्रपट, पात्राचं नाव आणि बोधचिन्ह यांवर निर्मात्याचा हक्क राहावा, ‘स्टार वॉर्स’ची रूपं आधी कागदावर रेखाटणाऱ्या राल्फ मॅक्वॉरीसारख्या चित्रकारांचं श्रेय तर कधीच पुसलं जाऊ नये. पण घाऊक साच्यातून काढलेल्या वस्तूचा आकार पिढ्यान्‌पिढ्या कुलूपबंद ठेवण्याचं कारण नाही. आपल्याकडच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 15 चा रोखही तिकडेच आहे: नोंदणी करता येण्याजोगं पण न नोंदवलेलं डिझाइन हक्कदाराकडून किंवा त्याच्या परवान्याने औद्योगिक पद्धतीने 50 पेक्षा जास्त वेळा वस्तूत उतरलं, की त्यावरचा कॉपीराइट संपतो.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. चांगली प्रतिकृती उद्या अस्सल म्हणून लिलावात उभी राहू शकते, आणि मूळ वस्तूंना लाखो डॉलर मिळत असताना हा मोह लहान नाही. शिवाय प्रकाश-तलवारीच्या हौसेपायी चालू अवस्थेतले जुने फ्लॅश मोडले गेले. एक वारसा जपायला दुसरा खर्ची पडला. यातल्या दुसऱ्या दुखण्यावर उपाय प्रतिकृतीतूनच निघाला, कारण आता त्या दांड्याच्याच नव्या प्रती धातूत बनतात आणि जुन्या कॅमेऱ्याला हात लावावा लागत नाही. फसवणुकीवरचा उपाय प्रतिकृती करणाऱ्याच्याच हातात आहे. साच्याच्या आतल्या बाजूला आपलं नाव आणि वर्ष असं कोरावं, की ते घासून काढताना वस्तूच बिघडेल. सोबत एक टिपण द्यावं: कोणतं माप मूळ वस्तूवरून घेतलं, कोणतं फोटोवरून ताडलं, कोणतं द्रव्य बदललं. लॅटेक्स आणि फोम हवेने, उजेडाने ठिसूळ होऊन झडतात आणि पांढरं प्लास्टिक पिवळं पडतं, तेव्हा मूळ वस्तू कितीही जपली तरी तिची मापं कुठेतरी नोंदलेली असणं भाग आहे. असं टिपण जोडलेलं असलं, तर पन्नास वर्षांनी मूळ शिरस्त्राण दुरुस्त करायला बसलेल्या माणसाला त्यातला कुठला आकडा धरायचा आणि कुठला पुन्हा तपासायचा, हे ठरवता येईल.