पोरांच्या हाताला कसब हवे



मुंबईच्या हार्बर लाईनवर कॉटन ग्रीन नावाचे स्टेशन आहे. तिथे कापसाचा मोठा बाजार आणि गाठींच्या वखारी होत्या. जवळच परळ-लालबागच्या गिरण्या. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरचे कोणी ना कोणी तिकडे राबलेले असेल.

त्या काळी गावचा पोरगा चुलत्याच्या खोलीवर उतरायचा, बदली म्हणून गिरणीत लागायचा आणि जुन्या कामगाराशेजारी उभा राहून साचा चालवायला शिकायचा. गिरणी हीच त्याची शाळा. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली आणि ती शाळाही मिटली.

आता कॉटन ग्रीनच्या पुढच्याच शिवडी स्टेशनाजवळून अटल सेतू न्हावा-शेवाकडे जातो. लांबी सुमारे २२ किलोमीटर, पैकी साडेसोळा किलोमीटर समुद्रावर. १२ जानेवारी २०२४ रोजी त्याचे उद्घाटन झाले. समुद्रातल्या मोठ्या गाळ्यांना पोलादी सांगाडे बसवले आहेत. असल्या कामात वेल्डिंगचा सांधा नुसता डोळ्यांनी पाहून पास होत नाही. आत भेग किंवा पोकळी आहे का, हे यंत्राने तपासतात. सांधा नापास झाला की काढून पुन्हा करायचा. तिथे नुसती अंगात ताकद असून भागत नाही. शिक्षण नसलेला पोरगा अशा कामावर हेल्पर म्हणून जातो आणि बहुधा हेल्परच राहतो.

मग करायचे काय? आयटीआयमध्ये वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा, फिटर व इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा आहे. त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली उमेदवारी करता येते, विद्यावेतनही मिळते. जो पोरगा आधीच बांधकामावर आहे, त्याने कामाचा दाखला जरूर मागून घ्यावा. वय १८ ते ६० आणि मागील बारा महिन्यांत ९० दिवस काम झाले असेल, तर बांधकाम कामगार म्हणून नोंदणी होते.

हंगाम संपल्यावर आपल्या कारखान्याच्या दुरुस्तीलाही फिटर-वेल्डरच लागतात, हे आपण पाहतोच. बांधावरची वाटणी होता होता रान गुंठ्यांवर आले. कसबाची मात्र वाटणी होत नाही. तेव्हा दहावीचा निकाल लागला की एक दिवस उसाचे पाणी दुसऱ्यावर सोपवा आणि पोराला, पोरीलाही, घेऊन तालुक्याच्या आयटीआयत जाऊन या, ही विनंती.